अंगारा देणाऱ्या आंब्याची कहाणी

ऐका राईमाये, तुमची कहाणी. ज्येष्ठ वद्य पंचमी, वार मंगळवार. आभाळ दाटलं होतं, वारा पडला होता, पाऊस नव्हता.

नदीच्या वळणावर एक नगर होतं. तिथं एक तांबट राहत होता. त्याची बायको आवडा, लेक ठकू. परसात आंबा होता. ठकू जन्मली तेव्हा तिची नाळ आंब्याच्या मुळाशी पुरली. सुईण म्हणाली, "नाळ मुळाशी, जीव झाडापाशी. ह्या झाडाला टोचू नये, खुपसू नये." आवडानं ते पदराला गाठ मारून ठेवलं.

त्या मंगळवारी ती परसात गेली. बघते तो खोडाला बोटाएवढं भोक, खाली पिवळ्या भुशाची रास. आवडा भ्याली. शेजारची धोंडाबाई कुंपणावरून डोकावली. "अगो बये, झाडानं अंगारा दिला! नशिबाची तू. आमचा मेला फणस सावलीसुद्धा मोजून देतो."

आवडानं हात जोडले. अंगारा ठकूच्या कपाळी लावला, चिमूटभर दुधातून पाजला.

मग पहिली फांदी वाळली. ठकूचं पोट दुखू लागलं. आवडानं भोकाला हळदकुंकू वाहिलं, दोन चिमटी अंगारा पाजला. मग दुसरी फांदी वाळली. ठकूचं अन्न तुटलं. आवडानं खोडाला लाल दोरा गुंडाळला, मूठभर अंगारा पाजला. मग तिसरी फांदी वाळली. ठकू अंथरुणाला खिळली. आवडा फांदीकडे बघे, लेकीच्या दंडाकडे बघे. फांदी वाळकी, दंड वाळका.

एके दुपारी तिनं खोडाला कान लावला. आत कोणी खात होतं. कर्र, कर्र, कर्र. घरात धावली, लेकीच्या पोटाशी वाकली. इथंही तेच ऐकू आलं तर? कान टेकवेना. तशीच बाहेर आली.

तो परसदारात एक म्हातारी उभी. कोपरापर्यंत हात मातीचे. "बाई, पाणी दे." आवडानं पाणी दिलं. म्हातारी पाणी प्याली, खोडाकडे बघून म्हणाली, "झाडाला भिरुडानं धरलंय गो. आत अळी आहे, खोड पोखरतेय."

"आजी, अभद्र बोलू नका. देवाचा अंगारा आहे तो."

"देव भोकातून घाण टाकीत नाही. अळीची विष्ठा आणि लाकडाचा चुरा. पाजलास की काय कुणाला?"

आवडा म्हणाली, "लेकीला पाजला. आता काय करू?"

"पाजणं थांबव. मग भोकात तार घाल, अळी ओढून काढ."

"टोचू कशी? लेकीचा जीव आहे त्यात."

"आहे ना? मग दुसरं कोण जेवतंय तिथं? त्याला जेवू द्यायचं, की लेकीला?"

मग आवडानं नवऱ्याच्या कामातली तांब्याची तार आणली, टोक वाकवलं, भोकात सारलं. हात लटलट कापत होता. तार मऊ कशाला तरी लागली. ते आत सरकलं. भोकातून तांबडं पाणी वाहिलं. आणि घरातून ठकू ओरडली, "आई!"

आवडाचा हात थिजला.

"ओढ," म्हातारी म्हणाली.

आवडानं डोळे मिटले नि ओढलं. अंगठ्याएवढी पांढरी अळी मातीत पडली. जबडा अजून हलत होता.

"आई, ऐकतेस का? तहान लागलीय!" ठकू पुन्हा ओरडली.

मग म्हातारीनं वसा सांगितला. "दर मंगळवारी खोड हातानं चाचपावं. भुसा दिसला तर पुजू नये. तार घालावी, अळी काढून मारावी, भोक शेणमातीनं लिंपावं. वाळली फांदी तोडून जाळावी. हात लटलट कापला तरी चालेल, वसा चुकू नये." एवढं बोलून ती आंब्याआड गेली. आवडा बघायला गेली, तो तिथं कोणी नाही. ती राईमाय होती, झाडांची माय.

खोडातून तीन अळ्या निघाल्या. तीन फांद्या जाळल्या. ठकू आठव्या दिवशी भाकरी जेवली. माघात उरल्या फांद्यांना मोहर आला, वैशाखात एकोणीस आंबे उतरले.

आवडाला राईमाय पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. बहुतां बोलांची कहाणी, थोडक्या बोलीं फळली, पुरी झाली.