झोळीतलं तेल

“…तर मग वंश माझ्यापाशीच थांबवला, यात चूक काय, महाराज?”

श्रीरंगने विचारले आणि कृष्णेवरचे धुके आणखी थोडे खाली उतरल्यासारखे झाले.

केशवगिरी महाराज घाटाच्या पायरीवर छाटी पिळत होते.

“चूक कोण म्हणालं? थांबवायचंय ते काय, ते तरी सांग.”

“जनुकातला एक बदल. एवढासा, एका अक्षराचा. त्यामुळे यकृतात साठलेली चरबी मोकळी होत नाही. ती साचत जाते, यकृत निबर होतं आणि एखाद्याला तिथेच कर्करोग होतो. बाबांना झाला. ते दारूला कधी शिवले नव्हते. तरी तिरडीपाशी लोक कुजबुजले, चोरून पीत असणार.”

“हं… आणि तुझं?”

“माझ्यात तो बदल आई-बाबा दोघांकडून आलाय. यकृतात चरबी आत्ताच आहे.”

“बदल असला की कर्करोग होतोच?”

“नाही. बहुतेकांना होत नाही. धोका वाढतो, एवढंच. खाणं, वजन सांभाळलं तर पुष्कळ कमीही होतो.” त्याचा आवाज चढला. “पण मला कमी नकोय. धोका मुळीच नकोय. उल्काला लग्नाला नाही म्हणून आलोय. मला संन्यास द्या.”

“ती काय म्हणाली?”

“ती… मी ऐकायला थांबलो नाही.”

“परदेशात जाऊन बरंच शिकून आलास की.”

महाराजांनी घाटावरच्या ओवरीतल्या खुंटीवरची झोळी त्याच्या खांद्याला अडकवली. “जा, भिक्षा घेऊन ये.”

गावाचा हात सैल होता. श्रीरंग परतला तेव्हा झोळीत भाकऱ्या होत्या, तेलात न्हालेली वांगी होती, तुपाने निथळणारा शिरा होता. सगळे एकात एक.

“इथली रीत आहे,” महाराज म्हणाले. “भिक्षा झोळीसकट नदीत बुडवायची, मगच जेवायचं. तेलतूप जातं, चवीचा लोभ जातो. एकदा बुडव आणि काढ.”

तो गुडघाभर पाण्यात उतरला. झोळी बुडताच तेलाची कडी उठली. पिवळी, सोनेरी… एकातून एक उमलत धुक्यात निघाली. एका कड्यात त्याला बाबांचे पिवळे पडलेले डोळे दिसले. ते हलले, पसरले, विरले.

त्याने झोळी पुन्हा बुडवली. पुन्हा एक कडे उठले.

पुन्हा बुडवली. दाबून धरली, चोळली.

“पुरे रे,” वरून कोणीतरी म्हणाले. की नदीच म्हणाली…

पाणी नितळ होईपर्यंत तो थांबला नाही. झोळीच्या उघड्या तोंडाशी, पायांशी मासे घोटाळत होते.

मग तो वर आला, उजळ चेहऱ्याने. “महाराज, तेलाचा थेंब उरला नाही.”

“वा.”

महाराजांनी पायरी पुसली, पत्रावळ मांडली आणि झोळी उलटी केली.

पत्रावळीवर थोडे पाणी पडले.

श्रीरंगने झोळीत हात घालून पाहिला.

महाराजांनी पत्रावळ त्याच्याकडे सरकवली.

“बस बाळ. जेव आता.”