रंगनाथने सांभाळलेली दुसरी प्रत

कवठेवाडीत रंगनाथ घोणसे नावाचा एक भोळा माणूस राहत होता. वय छत्तीस, मिशी भरघोस, मन स्वच्छ. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरत नसे. विसरला असता तर गावाचं बरंच भलं झालं असतं.

तो कुंदाताई माळवदे यांच्या वधू-वर सूचक मंडळात कामाला होता. सव्वीस वर्षं खपून ताईंनी दोन हजार तीनशे स्थळं गोळा केली होती. कुणाची उंची किती, कुणाला मंगळ आहे, कुणाच्या आत्याला कोणतं गाव चालत नाही, सगळं वह्यांमध्ये टिपलेलं. गेल्या वर्षी ते सारं कॉम्प्युटरमध्ये भरलं आणि चार महिन्यांत वह्या वाळवीनं खाल्ल्या. आता ताईंची सव्वीस वर्षं त्या एका डब्यात होती. माघात मंडळाचा मोठा मेळावा ठरला होता आणि तीनशे घरं येणार होती. डबा बंद पडला तर काय, या विचारानं ताईंना जेवण गोड लागेना.

त्यांनी तालुक्याहून यास्मिन शेखला बोलावलं. यास्मिन कॉम्प्युटरची जाणकार, बोलायला गोड. तिनं रंगनाथला एक पेनड्राईव्ह दिला आणि समजावलं, "रंगनाथभाऊ, जे एकच आहे त्यावर विसंबायचं नाही. त्याची दुसरी प्रत तयार ठेवायची. पहिली बिघडली की दुसरी लावायची. कळलं?"

"कळलं."

त्यानं तिच्यादेखत प्रत काढली. अगदी बिनचूक काढली. ताईंना हायसं वाटलं.

दोन दिवसांनी ताई म्हणाल्या, "रंगनाथ, खिलाऱ्यांची मुलगी बघायला तो कुंडलचा मुलगा यायचाय. त्याला स्टँडवरून घेऊन जा."

रंगनाथ विचारात पडला. मुलगा तर एकच. बिघडला म्हणजे? त्यानं पलूसचा एक मुलगा बोलावून घेतला आणि दोघांना नेऊन एकाच सतरंजीवर बसवलं. दोघांपुढे पोह्यांच्या बशा आल्या. मुलीचे वडील गोंधळले.

"यातला मुलगा कोणता?"

"हा चालू," रंगनाथ म्हणाला. "तो बिघडला तर लावायचा."

आत मुलगी इतकी हसली की चहाचा ट्रे तिच्या हातून पडला. दोन्ही मुलं अर्धे पोहे टाकून उठली. कुंडलचा मुलगा मात्र जाताना दोनदा मागे वळून बघत होता. तेवढ्यावर ताईंनी पुढं ते लग्न जमवलं, पण रंगनाथची हजेरी घ्यायची ती घेतलीच.

"अरे शहाण्या, दोघांना एका घरात नेऊन बसवतात?"

त्यांनी यास्मिनला फोन लावून दिला. "मॅडम, ताई म्हणतात दोन्ही एका घरात ठेवायची नाहीत," रंगनाथ म्हणाला. तिला वाटलं, तो पेनड्राईव्हचंच बोलतोय. ती म्हणाली, "बरोबर आहे ताईंचं. दोन्ही प्रती एका छताखाली ठेवायच्या नसतात, भाऊ. आग लागली तर दोन्ही जातील. एक इथं ठेवा, दुसरी परगावी."

"बरं मॅडम."

त्यानं पेनड्राईव्ह आटपाडीला आपल्या अक्काच्या घरी नेऊन ठेवला. तो तिथंच थांबला असता तर मला पुढची गोष्ट सांगावी लागली नसती.

खिलाऱ्यांच्या मुलीचा साखरपुडा झाला. मांडवात सगळे पेढे खात बसले होते. मांडवाच्याच कडेला साठ जोड चपला. रंगनाथनं त्या निरखून पाहिल्या. दोन-दोन सारख्या, आणि सगळ्या एकाच मांडवाखाली! त्यानं पोतं आणलं, प्रत्येक जोडातली डावी चप्पल त्यात भरली आणि पोतं पाचच्या एसटीनं आटपाडीला पाठवून दिलं.

रात्री जेवणं आटोपून पाहुणे निघाले आणि थबकले. भटजी एका पायावर उभे राहिले. यास्मिनही आली होती, तीही तशीच.

"डावी परगावी आहे," रंगनाथनं सगळ्यांना धीर दिला. "आग लागली तरी काळजी नाही."

तेवढ्यात अक्काचा फोन आला. "अरे रंग्या, पाहुणे कुठं आहेत? नुसत्या चपलाच आल्यात!"

ताईंनी कपाळावर हात मारला. "उद्या कुणीही येईल आणि मंडळातलं काहीही उचलून नेईल! कशाला काही पहारा आहे का नाही?"

यास्मिन अनवाणी खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "पासवर्ड लावू या. भाऊ, जो पासवर्ड देईल त्यालाच आत घ्यायचं. घरातल्या माणसाचं नाव पासवर्ड म्हणून चालत नाही. त्यात एखादा आकडा हवा. कुणाच्या कानावर पडता कामा नये. आणि दर तीन महिन्यांनी बदलायचा."

"बरं मॅडम."

लग्न लागलं. वरात कुंडलला पोचली. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं, नणंद दार अडवायला सज्ज. तिच्याही पुढं रंगनाथ जाऊन उभा राहिला.

"पासवर्ड?"

बायकांना वाटलं, उखाणा मागतोय. नवरी लाजली आणि म्हणाली, "अंगणात घातला सडा, उंबऱ्यावर ठेवलं माप, हर्षलरावांचं नाव घेते, वाट मिळू द्या आपोआप."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रंगनाथनं मान हलवली.

"चालणार नाही. घरातल्या माणसाचं नाव आहे. आकडा नाही. वर सगळ्या गावानं ऐकलं. वहिनी, दुसरं नाव घ्या. आणि दर तीन महिन्यांनी बदलत जा."

सासूबाईंना घेरी आली. नवरदेवाच्या काकांनी बाह्या सरसावल्या. ताईंनी हातापाया पडून नवरीला कसंबसं आत नेलं आणि मग रंगनाथला कोपऱ्यात घेतलं.

"दारात आलेल्याला असं उभं करतात? नाव-गाव काही विचारायचं नसतं! हसून आत घ्यायचं, पाणी द्यायचं!"

"बरं ताई."

मेळावा चार दिवसांवर आला. बुधवारी सकाळी सहाला रंगनाथनं मंडळ उघडलं, कॉम्प्युटर लावला. एक मेल येऊन थांबला होता. कॉम्प्युटर विचारत होता, पाठवणारा अनोळखी आहे, उघडू का?

रंगनाथनं हात जोडले. "या, या," म्हणत बटण दाबलं आणि कॉम्प्युटरशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला.

पडदा काळा झाला. त्यावर लाल इंग्रजी अक्षरं उमटली. रंगनाथनं मोबाइलवर त्याचं मराठी करून दोनदा वाचलं. वाचता वाचता त्याचा चेहरा उजळला. मंडळाला कुलूप लावून त्यानं सातची गाडी पकडली.

दुपारी बारा वाजता ताई आणि यास्मिन आल्या, तेव्हा तो दारातच उभा होता. यास्मिननं पडदा वाचला आणि तिचा चेहरा उतरला. "ताई, चोरांनी सगळी माहिती पळवून कुलपात घातलीय. पैसे दिले तरच किल्ली देऊ म्हणतात."

ताई मटकन खाली बसल्या. "सव्वीस वर्षं गेली गं माझी! रविवारी तीनशे घरांना मी काय तोंड दाखवू?" त्या खरंच रडायला लागल्या.

"रडू नका ताई. आटपाडीला प्रत आहे. ती आली की संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा उभं करते. भाऊ, पळा."

"ती आणलीय मी," रंगनाथ म्हणाला आणि त्यानं खिशातून पेनड्राईव्ह काढला.

ताईंनी त्याचे दोन्ही हात धरले. "रंगनाथ, आज तू माझी लाज राखलीस!"

यास्मिननं आपला लॅपटॉप उघडून पेनड्राईव्ह लावला. वर पाहिलं, खाली पाहिलं. "भाऊ, यात तर काहीच नाही."

"नसणारच. पुसली. आटपाडीच्या स्टँडसमोरच्या दुकानात दोनदा पुसून घेतली."

"का?"

"मॅडम, आता चांगली सोय झाली ना! ही माणसं लिहितात, सगळं आमच्याकडे आहे. म्हणजे परगावी. कुलपातही आहे. पासवर्ड आपल्यालाही ठाऊक नाही, म्हणजे घरातल्या कुणाचं नाव नसणार. तुम्ही सांगितलेलं सगळं त्यांनी पाळलंय. थोडं भाडं मागतात, पण एवढी जोखीम सांभाळायची म्हणजे मागणारच."

ताई ताडकन उठून उभ्या राहिल्या. "अरे, पण आपली प्रत कशाला पुसलीस?"

"ताई, ती अक्काच्या फडताळात लोणच्याच्या बरणीमागं पडलेली. ना कुलूप, ना पहारा," रंगनाथ काळजीनं म्हणाला. "एखाद्या चोराच्या हाती लागली असती म्हणजे?"