वेळबंदरची मागची हाक

कस्टम हाऊसच्या कमानीतली ही घंटा जरा जवळ येऊन बघा. पोर्तुगिजांच्या जहाजावरची आहे, तिच्यावर क्रूस कोरलेला दिसेल. जहाज बुडालं, घंटा राहिली. पुढे इंग्रजांनी ही दगडी इमारत बांधली आणि होड्या बंदरात आल्याची वर्दी द्यायला ती इथे टांगली. एवढं पाटीवर लिहिलंय. तिच्या काठाचा टवका कसा उडाला, ते मात्र पाटीवर नाही. ते आम्हा कोळ्यांना विचारायचं, आणि मी काशिनाथ तांडेल, या बंदरात सत्तर वर्षं काढलेला माणूस. तेव्हा फोटो नंतर काढा, आधी ऐका.

आमच्यात दर्यावर निघालेल्याला मागून हाक मारत नाहीत. हाक आलीच, तर होडी परत किनाऱ्याला लावायची, त्या दिवशी निघायचं नाही. आणि हाक मारणाऱ्याच्या घरावर दोष येतो, असं सांगतात. म्हणून होड्या जाताना ही घंटा वाजवायची नाही, असं कोळीवाड्याच्या पाटलाने इंग्रज साहेबाकडून वदवून घेतलं होतं. साहेबानेही शब्द पाळला.

एके वर्षी नवरात्राच्या तोंडावर, सकाळी, बत्तीस होड्या निघाल्या. सगळ्यात पुढे पदाजी नाखवा, होडीत एकटाच. त्याची बायको जोमाय धक्क्यावर बोंबील वाळत घालत होती. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला, आणि तरी खडकावर भल्यामोठ्या लाटा सावकाश येऊन फुटत होत्या. वाऱ्याशिवाय लाट म्हणजे लांब कुठेतरी तुफान उठलेलं. जोमायला ते कळलं.

ती या कमानीत धावत आली, घंटा वाजवा म्हणाली. साहेबाच्या हवामान सांगणाऱ्या नळीतला पाराही म्हणे उतरला होता. पण तो पाटलाकडे बघत राहिला, आणि पाटील नकाराची मान हलवत राहिला. जाणाऱ्यांचं काही बरंवाईट झालं तर ते तुझ्या माथी, असं त्याने तिला बजावलं. जोमाय काही त्या समजुतीला हसणारी नव्हती. तिचाही त्यावर तेवढाच विश्वास होता. म्हणूनच तिने जे केलं, ते मला फार मोठं वाटतं. तिने दोर धरला आणि दर्याकडे तोंड करून म्हणाली,

"हाक मी मारतंय, दोस माझे घरान घे. बाकीच्या होऱ्या घरा धार."

दोष माझ्या घरावर घाल, बाकीच्या होड्या घरी धाड, एवढं दर्याकडे मागून तिने घंटा बडवली. होड्यांवरची माणसं संतापली, शिव्या देत माघारी वळली. पण वळली. मागून हाक आल्यावर पुढे जाणार कोण? एकतीस होड्या धक्क्याला लागल्या आणि दुपारच्या आत तुफान आलं. कोळीवाड्यातलं एकही घर त्या दिवशी उजाड झालं नाही, तिचं सोडून. पदाजी इतका पुढे गेला होता की त्याला घंटा ऐकूच गेली नाही. तो ऐकेल म्हणून ती तुफानातही वाजवत राहिली. हाताची सालटी निघाली, घंटेचा टवका उडाला, तरी दोर सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी पाटलाने सगळ्यांदेखत तिच्या पायावर डोकं ठेवलं, असं सांगतात. मागून हाक मारायची बंदी आमच्या बंदरात त्या दिवशी मोडली. इतर बंदरांत अजून पाळतात, आम्ही नाही पाळत.

आजही हंगामाच्या पहिल्या दिवशी होड्या निघाल्या की कोळीवाड्यातली एक बाई त्यांच्यामागून घंटा वाजवते. यंदा माझी सून होती. ऐकू आल्याची खूण म्हणून प्रत्येक होडीवर वल्हं उभं करतात. आता सगळ्या इंजिनाच्या होड्या, पण तेवढ्यासाठी एक वल्हं प्रत्येकीत ठेवलेलं असतं. आणि सगळ्यात पुढच्या होडीवरचं वल्हं दिसेपर्यंत इथली बाई दोर सोडत नाही.