नागूबाईचं काटेरी मडकं

फार वर्षांपूर्वी, आंबखोलला बैलगाडीची वाटही नव्हती तेव्हा, तिथे नागूबाई नावाची कुंभारीण राहत होती. तिची मडकी इतकी एकसारखी असत की शंभर मांडली तरी एकापासून दुसरं ओळखू येत नसे. असं म्हणतात, पाऊससुद्धा त्या सगळ्यांवर एकाच सुरात वाजायचा.

त्याच गावात भिवबा वैदू होता. त्याच्या घरी नागूबाईची चाळीस मडकी आणि त्यांत चाळीस औषधं. कशात काय, ते फक्त भिवबाच्या डोक्यात. तीस वर्षं त्याचा हात चुकला नाही. मग एकदा चुकला. पाटलाच्या भावाला खोकल्यावर अडुळशाचा काढा द्यायचा, तर सुजेवर लावायचा धोतऱ्याचा रस पाजला गेला. भाऊ वाचला, पण तीन दिवस भिंतीला वहिनी म्हणत होता.

चौथ्या दिवशी चावडीवर पंच बसले. ज्याच्या लक्षात राहत नाही त्याला गावाबाहेर काढा, असं पाटलाने सांगितलं. पाटलाच्या घरचं कुणी विसरलं तर ती गडबड, भिवबा विसरला तर तो गुन्हा. न्याय असाच होता. सत्तरीचा भिवबा मान खाली घालून बसला. त्याला जायला दुसरं घर नव्हतं.

तेवढ्यात नागूबाई दहा मडकी घेऊन आली. चावडीभर ती विखरून ठेवली. सगळ्यांदेखत एकात पाणी ओतलं, नऊंत कडुलिंबाचा रस, वर झाकणं घातली आणि कडेला जाऊन बसली. बोलणं लांबत गेलं. ऊन डोक्यावर आलं, तसं पाटलाने पाणी मागितलं.

"घ्या की पाटील. पाणी कशात ओतलं ते तुमच्या डोळ्यांपुढंच झालंय," नागूबाई म्हणाली.

पाटलाने एक उचललं आणि थुंकला. दुसरं उचललं, पुन्हा थुंकला. मग पंच मदतीला आले, तर प्रत्येकाचं बोट वेगळ्याच मडक्याकडे. मागे बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"तुमच्या ध्यानात दहांतलं एक दुपारपर्यंत टिकलं नाही," नागूबाई म्हणाली. "भिवबादादाच्या ध्यानात चाळीस मडकी तीस वर्षं टिकली. मडकी एकसारखी केली ती मी, आणि मिरवलंही मीच. हाकलायचं तर मला हाकला."

पाटलाचं तोंड अजून कडूच होतं. म्हातारा राहू दे, एवढंच तो कसाबसा बोलला. तेव्हा भिवबाने असा श्वास सोडला की समोरच्या पिंपळाची पानं हलली, असं म्हणतात.

त्याच आठवड्यात नागूबाईने भट्टी लावली. ती नऊ दिवस पेटती राहिली. चहूकडे पाऊस कोसळला, पण भट्टीवर थेंब पडला नाही. आतून चाळीस मडकी निघाली, चाळिसांचे चाळीस आकार. अडुळशाच्या मडक्याला पानासारखी लांब चोच. धोतऱ्याच्या मडक्याला थेट धोतऱ्याच्या बोंडासारखे काटे. पुढे भिवबाची नजर गेली, तरी मरेपर्यंत त्याचा हात चुकला नाही. हवं ते मडकं आपणहून त्याच्याकडे सरकायचं, असं म्हणतात.

आंबखोलात आजही फवारणीच्या औषधाची बाटली काथ्याची खरखरीत दोरी गुंडाळल्याशिवाय कुणी घरात घेत नाही. आणि कुणाच्या हातून चूक झाली, की आधी ती वस्तू चावडीवर आणून मधोमध ठेवतात. पंच तिच्याभोवती बसून तिला उलटीपालटी करून बघतात. चुकलेल्या माणसाला नागूबाईचं नाव घेऊन सावलीत बसवतात, आणि पहिला चहा त्याला देतात.