सात नंबरची काठी

त्या काळी वाघदऱ्याच्या गोल्फ क्लबला सोमवारी सुट्टी असे आणि त्या दिवशी मैदान कॅडींचं, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्या वाहणाऱ्या पोरांचं असे. सहा जणांत मिळून एकच काठी होती, सात नंबरची, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. गेनू तिच्यावरच सगळा खेळ शिकला. ती आठवली की म्हाताऱ्या गेनूचे हात अजून शिवशिवत.

आता तो कारखानदार रसाळसाहेबांची पिशवी वाहायचा. पिशवीत चौदा काठ्या. एका सकाळी साहेबांची लेक इरावती खेळ शिकायला आली, तर साहेब तिच्यासाठीही चौदाच मागवायला निघाले.

गेनूला राहवलं नाही. "ताईंना पाच पुरेत, साहेब. नवखा माणूस काठ्याच बदलत बसतो, हात काही बसत नाही."

चार मेंबरांदेखत साहेब कडाडले, "जन्मभर दुसऱ्यांच्या काठ्या वाहिल्यास! त्या निवडण्यातलं तुला काय कळतं?"

गेनूनं पिशवी हळूच खाली ठेवली.

"वाहतो म्हणूनच कळतं, साहेब. यातल्या पाच काठ्यांना माती लागलीय. बाकी नऊ जणींच्या मुठीवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. वर्षभर त्यांना मी नुसता फिरायला नेतोय."

मेंबर पोट धरून हसले. साहेबांनी वाकून मुठी पाहिल्या आणि लेकीसाठी पाचच काठ्या मागवल्या.

त्या आल्या त्या दिवशी इरावतीनं विचारलं, "पहिली कुठली घेऊ, गेनूकाका?"

गेनूनं न बघताच सात नंबरची काढून दिली. वार गुरुवार होता, पण त्याला सोमवार वाटला.