ट्रेलरची झालर

महामार्ग नवाकोरा होता, तेव्हाची गोष्ट. एका म्हाताऱ्या ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना मालकाने चाकांमधली मोकळी जागा पार जमिनीलगत झाकणारे लांबलचक पत्रे झालरीसारखे बसवले. वारा पोटाखाली घुसेनासा झाला, डिझेल कमी लागू लागलं आणि ट्रेलर नवरदेवासारखा मिरवू लागला.

"पाहिलंत, स्टेपनीबाई? वारासुद्धा मला वाट देतो!" तो पोटाखाली टांगलेल्या जादा चाकाला म्हणाला.

"मला कुठलं दिसतंय? मी पत्र्याआड," स्टेपनी म्हणाली. "पण पुढे गाव आहे, तिथे गतिरोधक असतील. जपा."

"वाऱ्याला नमवणारा मी, उंचवट्याला भिऊ?"

पहिल्याच गतिरोधकावर पत्रा खर्रकन घासला, वाकला आणि त्याच्या धारेने टायर फाडला. पत्रा खोलून स्टेपनीपर्यंत हात पोचवताना ड्रायव्हर इस्माईलभाईंचा अख्खा दिवस गेला. मग त्यांनी दोन्ही पत्रे खालून वीतभर कापले.

आता थोडा वारा आत घुसतो, थोडं डिझेल जास्त लागतं.

"आखूड पायजम्यातला नवरदेव दिसतोय मी," ट्रेलर स्वतःच सांगत हसतो. पण एखादा नवा ट्रेलर झालर मिरवत शेजारून निघाला, की तो हळूच म्हणतो, "शोभतंय रे! फक्त एकदा तुझ्या स्टेपनीला विचार, ती काय म्हणतेय."