माहुताला धाडलेला निरोप

वैशाख शुद्ध तृतीया. ऊन कडक, वारा पडलेला. सोनसळच्या महाराजांचा हत्ती वेशीपाशी फतकल मारून बसला होता. पाठीवर हौदा आणि हौद्यात सासरी निघालेली राजकन्या. माहूत दर्याजी मात्र घरी निघून गेला होता. वरात निघताच महाराजांनी मागून निरोप धाडला होता, "गाढवा, हौदा वाकडा बांधलास." तो ऐकून दर्याजी तिथंच खाली उतरला, आणि हत्ती बसला.

"बाबा, मी इथंच नांदू का?" राजकन्येनं वरून विचारलं.

महाराजांनी निरोप पोचवणाऱ्या गोजराला बोलावलं. "दर्याजीला घेऊन ये. शब्द माझेच हवेत. तुझा एकही घातलास तर चाकरी गेली. आणि तो आला नाही, तरी गेली."

"सांगा, सरकार."

"म्हणावं, गाढवा, तुला हत्ती राखायला ठेवलाय की रुसायला? मुकाट्यानं ये, नाहीतर चामडी लोळवीन."

सोनसळची एक रीत होती. निरोप नेणाऱ्यानं तो आधी धाडणाऱ्यालाच, त्याच्याच आवाजात ऐकवायचा. धाडणारा "बरोबर" म्हणाला की निघायचं. महाराज घाईत ही रीत टाळत. गोजरानं आज ती धरली. कमरेवर हात ठेवून, डोळे वटारून ती महाराजांच्या तोंडावर ओरडली, "गाढवा! तुला हत्ती राखायला ठेवलाय की रुसायला?"

छत्रीवाल्यानं छत्रीमागे तोंड लपवलं.

"कोणाला बोलतेस?" महाराज गरजले.

"दर्याजीला. बरोबर आहे ना, सरकार?"

"ते 'गाढवा' काढ. नुसतं दर्याजी म्हण."

"दर्याजी! मुकाट्यानं ये, नाहीतर चामडी लोळवीन!"

"अगं, केवढ्यानं!"

"आवाज तुमचाच आहे, सरकार."

महाराजांनी घाम पुसला. निरोपातून 'चामडी' गेली, 'मुकाट्यानं'ही गेलं. शेवटी ते हळूच म्हणाले, "दर्याजी, हौदा डावीकडे कलला होता. मुलगी पडेल म्हणून जीव घाबरला आणि तोंड सुटलं. पट्टा तेवढा आवळून द्या. तुमच्याशिवाय हत्ती उठत नाही."

गोजरानं ते तितक्याच हळू म्हणून दाखवलं.

"बरोबर," महाराज म्हणाले.

गोजरानं निरोप पोचवताच दर्याजी धावत आला. "डावा पट्टा होय? मग सकाळीच सांगायचं की, सरकार!" त्यानं पट्टा आवळला, हत्तीच्या कानात काही सांगितलं. हत्ती उठला.

महाराजांनी गोजराकडे रोखून पाहिलं. "खरं सांग, या निरोपात तुझे शब्द किती?"

"एकही नाही, सरकार. मी फक्त दर्याजीच्या जागेवर तुम्हाला उभं केलं."

महाराज इतके हसले की छत्री कलंडली. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराला दिलं आणि दरबारच्या सगळ्या निरोप्यांवर तिला मुख्य नेमलं. राजकन्या दिवेलागणीला सासरी पोचली.